खचदरीच्या तळाशी : ओलोर्गेसायली आणि मगाडी

शुक्रवार, नैरोबी

केनियाला जाऊन मसाई मारा बघितलं नाही असं सांगितलं की लोक चुकचुकतात. माझा दादा नैरोबीत नोकरीला आहे, त्यामुळे राहण्याची सोय होती आणि मारा पुढच्या खेपेलाही बघता येणार होतं. मला ओढ होती ती तिथल्या जमिनीची. बी.एस्सी.ला भूगर्भशास्त्र शिकताना ‘खचदरी’ हा शब्द परीक्षेत लिहून मार्क मिळवले होते, पण खचलेली जमीन पायाखाली कधी आली नव्हती. त्यातून नैरोबीपासून गाडीने दोन तासांच्या आत ओलोर्गेसायली आहे. तिथे दहा लाख वर्षांपूर्वीची हाडं आणि दगडी हत्यारं जिथे सापडली तिथेच राखून ठेवली आहेत. वहिनी म्हणाली, “म्हणजे दगड बघायला जायचं.” हो, दगडच.

आधी नैरोबी नॅशनल म्युझियम. हा क्रम मुद्दाम सांगते. उत्खननाच्या जागी दिसतात ते तुकडे. पूर्ण प्राणी डोळ्यांसमोर असेल तरच त्या तुकड्यांतून काही कळतं. अंगणात अहमद हत्तीचा भलाथोरला पुतळा आहे. उत्तर केनियातल्या मार्साबिटच्या या हत्तीचे सुळे इतके लांब होते की त्याची शिकार होऊ नये म्हणून राष्ट्राध्यक्ष जोमो केन्याटांनी १९७० मध्ये खास फर्मान काढून त्याला संरक्षण दिलं. आत मानवी कवट्यांचं दालन आहे. तिथे तुर्काना बॉयचा सांगाडा आहे. १९८४ मध्ये जीवाश्म शोधणाऱ्या कामोया किमेउ यांना तुर्काना सरोवराजवळच्या नारिओकोटोमेला त्याचा पहिला तुकडा दिसला. सोळा-एक लाख वर्षांपूर्वीचं पोर, पण उंचीने माझ्या भाचीला भारी. भाची नववीत आहे. ती त्याच्या शेजारी टाचा उंचावून उभी राहिली आणि पहारेकरी हसला.

मी मात्र जास्त वेळ रमले डुकरांच्या दातांत. पूर्व आफ्रिकेतल्या जीवाश्म-डुकरांच्या दाढा काळाबरोबर उंच आणि लांब होत गेल्या, त्यामुळे नुसती दाढ बघून थराचं वय ताडता येतं. सत्तरच्या दशकात तुर्काना सरोवराकाठच्या कूबी फोराला राखेच्या एका थराचं वय प्रयोगशाळेने २६ लाख वर्षं सांगितलं होतं. डुकरांचे जीवाश्म पाहणारे म्हणत होते, जमत नाही. वाद वर्षानुवर्षं चालला आणि शेवटी डुकरं बरोबर निघाली. थर सुमारे १९ लाखांचा ठरला.

जाणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. केनियाला आता नेहमीचा व्हिसा लागत नाही, निघण्याआधी ऑनलाइन ईटीए, म्हणजे प्रवासाचा आगाऊ परवाना, काढावा लागतो. आणि पीतज्वराची लस घेतल्याचं पिवळं कार्ड जवळ ठेवा. केनियाहून भारतात परतताना ते मागतात. लस घेतल्यावर दहा दिवसांनी ते प्रमाणपत्र ग्राह्य धरतात, तेव्हा आदल्या आठवड्यात धावपळ करून उपयोग नाही.

शनिवार, उतार

सकाळी निघालो तेव्हा नैरोबीत स्वेटर घालावा असा गारवा होता. शहर १,७०० मीटरवर, ओलोर्गेसायली साधारण १,००० वर आणि मगाडी तळं ६०० च्या आसपास. हे आकडे निघण्यापूर्वी पाठ करून ठेवले होते, पण खरे कळले ते कानांना दडे बसायला लागल्यावर.

किसेरियान गाव मागे पडलं की न्गाँग टेकड्यांच्या कुशीतून रस्ता वर चढतो आणि एका वळणावर समोरची जमीनच संपते. दादाने गाडी कडेला घेतली. वारा असा की दार उघडेना. खाली खचदरी पसरलेली, आणि ती एकदम कोसळत नाही, पायरीपायरीने उतरते. प्रत्येक पायरी म्हणजे एक भ्रंश, जिच्या एका बाजूची जमीन खाली सरकली अशी भेग. आपण ज्यावर उभे असतो त्या न्गाँग टेकड्यासुद्धा एका जुन्या ज्वालामुखीचा उरलेला भाग आहेत. त्याची पश्चिमेची बाजू दरीबरोबर खाली गेली. १८९३ मध्ये जॉन वॉल्टर ग्रेगरी हा भूवैज्ञानिक इथे आला आणि समोरासमोरच्या भिंती बघून त्याने मांडलं की ही दरी नदीने कोरलेली नाही, दोन बाजूंच्या भेगांमधली जमीन खाली बसून ती झाली आहे. आज या फाट्याला ग्रेगरी रिफ्टच म्हणतात. ओलोर्गेसायलीची दगडी हत्यारं पहिल्यांदा नजरेला पडली तीही त्याच्याच, १९१९ च्या दुसऱ्या फेरीत. पण जागा नीट हाती लागली १९४२ मध्ये, मेरी आणि लुई लिकी या आदिमानवाचा शोध घेणाऱ्या जोडप्याला. महायुद्धाचे दिवस होते. खोदायला मजूर म्हणून इटालियन युद्धकैदी आणले होते. १९४७ पासून ही जागा लोकांसाठी खुली आहे.

उतरता उतरता हिरवळ गेली, बाभळी खुज्या झाल्या, वारुळं रस्त्याच्या कडेला माणसाएवढी. स्वेटर डिकीत गेला. डांबरी रस्ता सोडून कच्च्या वाटेने थोडं आत गेल्यावर पाटी, फाटक, एक छोटं संग्रहालय आणि गवताने शाकारलेल्या चार-दोन खोल्या, त्यांना तिथे बांडा म्हणतात. आम्ही रात्री तिथेच राहणार होतो. बांडा म्हणजे छप्पर आणि खाट, बाकी सगळं आपलं आपण आणायचं. वहिनीने तिखटमिठाच्या पुऱ्या, शेंगदाण्याची चटणी आणि लिंबाचं लोणचं बांधून दिलं होतं, भाचीने आग्रहाने ब्रेडचं पाकीट घेतलं होतं. पाणी भरपूर न्या. आत दुकान नाही आणि तहान नैरोबीच्या दुप्पट लागते.

चार वाजता वाटाड्या आला. लाल शुका पांघरलेला मसाई तरुण, पायात टायरच्या चपला. भाचीने स्वाहिलीत सुरुवात केली तशी त्याची कळी खुलली. पुढचा दीड तास तो तिच्याशी बोलत होता आणि ती मला मराठीत सांगत होती. अधूनमधून कंटाळून म्हणायची, “आत्या, हे तुला माहितीच असेल.”

इथली जमीन पांढरी आहे, डोळ्यांत खुपेल इतकी. हा डायटोमाइट. जुन्या तळ्यात एकपेशीय शेवाळ वाढायचं, त्याची सिलिकाची कवचं तळाशी साठत गेली. हाताला लागते ती रांगोळीसारखी भुकटी. पांढऱ्याच्या मध्ये राखाडी पट्टे दिसतात ते ज्वालामुखीच्या राखेचे, आणि तपकिरी दिसतात ती तळं आटल्यावर उघडी पडलेली, गवत उगवलेली जुनी जमीन. तळं भरलं, आटलं, राख पडली, पुन्हा भरलं. सुमारे १२ लाख ते ५ लाख वर्षांपूर्वीपर्यंतचा हा हिशेब एका ओघळीच्या काठावर वाचता येतो. अभ्यासकांनी त्याचे चौदा भाग पाडले आहेत. राखेतल्या फेल्डस्पार स्फटिकांत अडकलेला आर्गॉन वायू मोजून वयं काढतात. राखेचा पट्टा नसता तर हाडं कधीची हे सांगायला काही उरलं नसतं.

मग ती सुप्रसिद्ध लाकडी फलाट-वाट. वर पत्र्याचं छप्पर, खाली उघड्या जमिनीवर शेकडो हातकुऱ्हाडी, जशा सापडल्या तशा. बदामाच्या आकाराच्या, काही तळहातापेक्षा मोठ्या. दगड शेजारच्या ओलोर्गेसायली डोंगराचा, तोही एक विझलेला ज्वालामुखी. फोटोत हे दगडांच्या ढिगासारखं दिसतं, हे मान्य करते. समोर उभं राहिल्यावर मात्र एकेकाची धार दिसायला लागते आणि मग नजर हलत नाही. आमच्या प्रवरेकाठी नेवाशाला याच घडणीची हत्यारं मिळाली आहेत. डेक्कन कॉलेजच्या संग्रहात ती मी पाहिली होती, त्यामुळे ओळख पटायला वेळ लागला नाही. तीच दोन्ही बाजूंनी छिलून काढलेली धार, तेच टोक.

पण मी आले होते हाडांसाठी. पुढच्या छपराखाली एका नामशेष हत्तीच्या पायाचं हाड आहे आणि तुलनेसाठी शेजारी आजच्या हत्तीचं ठेवलं आहे. आजच्या हत्तीचं हाड बघून पहिल्यांदाच “केवढंसं” असं तोंडातून गेलं. हा पॅलिओलॉक्सोडॉन रेकी, हान्स रेक या जर्मन शास्त्रज्ञाच्या नावाचा. सुळे सरळसोट, खाद्य मुख्यतः गवत. इथल्याच एका जागी याच जातीच्या एका हत्तीच्या सांगाड्याभोवती दगडाच्या छिलक्या विखुरलेल्या मिळाल्या. सुमारे ९ लाख ९० हजार वर्षांपूर्वी कुणीतरी त्याचं मांस कापलं होतं. याच कुळातला एक हत्ती आपल्याकडेही होता, नर्मदेवरून नाव पडलेला नामाडिकस. १९०५ मध्ये भूवैज्ञानिक पिल्ग्रिम यांनी त्याचे अवशेष नाशिक जिल्ह्यात नांदूर मधमेश्वरजवळ गोदावरीच्या गाळात नोंदले होते. पक्षी बघायला आपण तिथे गाड्या भरून जातो आणि या हत्तीचं नाव कुणाच्या तोंडी नसतं, याची मला जुनी चीड आहे.

पाणघोडाही आहे, हिप्पोपोटॅमस गॉर्गॉप्स. त्याच्या डोळ्यांच्या खोबण्या कवटीच्या वर उचललेल्या होत्या, म्हणजे सगळं अंग बुडवून नुसते डोळे बाहेर ठेवता येत. आज त्या जागी उभं राहिलं तर लांबपर्यंत ओली माती दिसत नाही. मी वाटाड्याला विचारलं, हाडं टिकली कशी? त्याचं उत्तर भाचीने असं आणलं : “लगेच झाकलं गेलं ते टिकलं. उघड्यावर राहिलं ते तरसाने खाल्लं.” यापेक्षा चांगलं उत्तर मला वर्गात मिळालं नव्हतं.

माणूस मात्र हाती लागत नाही. १९४२ पासून हजारो हत्यारं निघाली आणि ती करणाऱ्याचं एकही हाड नव्हतं. २००३ मध्ये कवटीचे काही तुकडे मिळाले, नऊ ते पावणेदहा लाख वर्षांपूर्वीचे, आणि तेही आकाराने लहानशा डोक्याचे. एक तर्क असा आहे की दिवसा ते पाण्याकाठी यायचे आणि रात्री डोंगरउतारावर निजायला जायचे, म्हणून मरायचेही तिकडेच. पाणवठ्यावर रात्री काय काय येत असेल याचा विचार केला तर पटतं.

आम्हीही रात्री दार लावून घेतलं. तरस ओरडत होते, लांबवर. आकाशाबद्दल लिहीत नाही. वीज नसलेल्या ठिकाणी ते सगळीकडेच तसं असतं.

रविवार, बबून आणि ओढा

पहाटे भाचीच्या ब्रेडचं पाकीट बबूनने नेलं. दार दोन मिनिटं उघडं राहिलं तेवढं पुरलं. पुऱ्यांचा डबा स्टीलचा होता म्हणून न्याहारी झाली. (तिकडे जाताना डबे स्टीलचेच न्या.) तो नर बबून बाभळीवर बसून आमच्याकडे बघत एकेक स्लाइस खात होता. तेवढ्यात वाटाड्या आला आणि म्हणाला, याचा मोठा भाऊ बघायचाय का?

मोठा भाऊ म्हणजे थेरोपिथेकस ऑस्वाल्डी. आज इथिओपियाच्या डोंगरावर उरलेल्या जेलाडा माकडाचा राक्षसी नातेवाईक, गवत खाणारा. ग्लिन आयझॅक यांनी साठच्या दशकात इथे जे खोदकाम केलं त्यात एकाच जागी अशा डझनावारी माकडांची तुटकी हाडं आणि त्यांच्यात मिसळलेली हत्यारं मिळाली. माणसांनी कळपावर हल्ला केला, की हाडं आणि दगड पाण्याने एकत्र आणले? यावर अजून वाद आहे. मला विचाराल तर, ब्रेड गेलेल्या सकाळी माझं मत माणसांच्या बाजूने होतं.

या जागेची खरी गोष्ट मला त्या सकाळी कळली. हत्यारांत लाखो वर्षं फारसा फरक नाही. तीच हातकुऱ्हाड, पिढ्यान्‌पिढ्या. मग पाच लाख ते तीन लाख वीस हजार वर्षांपूर्वीच्या मधली पानंच फाटलेली आहेत. भ्रंशांनी जमीन वरखाली झाली, गाळ साठायचा थांबला, उलट धुपून गेला. त्याच्यानंतरच्या थरांत बघावं तर हातकुऱ्हाड गायब. तिच्याऐवजी छोटी, नेमकी टोकं आली. काही काळ्या ऑब्सिडियनची, म्हणजे ज्वालामुखीच्या काचेची, आणि हा दगड आसपास मिळत नाही, २५ ते ५० किलोमीटरवरून आणलेला. रंगासाठी घासलेले खनिजाचे खडे आहेत. स्मिथसोनियन संस्थेचे रिक पॉट्स १९८५ पासून इथे काम करताहेत. त्यांच्या चमूने २०१८ मध्ये हे सगळं प्रसिद्ध केलं तेव्हा चर्चा झाली ती रंगाची आणि ऑब्सिडियनची.

मला त्याच कामातला दुसरा आकडा थक्क करतो. त्या फाटलेल्या पानांच्या आधीचे आणि नंतरचे सस्तन प्राणी पडताळले तर ८५ टक्के जाती बदललेल्या. रेकी हत्ती नाही, गॉर्गॉप्स पाणघोडा नाही, राक्षसी जेलाडा नाही. गवतावर जगणारे अवाढव्य प्राणी गेले आणि त्यांच्या जागी लहान चणीचे, मिळेल ते खाणारे आले. फाटलेल्या पानांचा शोध घ्यायला शेजारच्या कूरा खोऱ्यात १३९ मीटर खोल भोक पाडून गाळाचा गाभा काढला. त्यात दिसतं की सुमारे चार लाख वर्षांपूर्वीपासून पाणी आणि गवत यांचा भरवसा संपला. कधी मुबलक, कधी काहीच नाही. म्हणजे माणसाने हत्यार बदललं त्याआधी पायाखालची जमीन बदलली होती. संग्रहालयात हत्यारांची कपाटं मोठी आणि हाडांची लहान आहेत, ते मला उलट हवं होतं.

एक सूचना. चालताना पायाशी छिलका दिसतो, उचलावासा वाटतो. उचलू नका. केनियाच्या २००६ च्या वारसा कायद्याने तो गुन्हा आहे, आणि जागेवरून हललेला दगड तसाही मुका होतो.

दुपारी मगाडीकडे निघालो. आभाळ पूर्वेला काळं झालं होतं, आमच्यावर थेंब नाही. वाटेत एका फरशीपुलापाशी गाड्या थांबलेल्या. वर कुठेतरी पडलेला पाऊस ओढ्यातून कॉफीच्या रंगाने धावत होता. पूल पाण्याखाली. सगळे निवांत उतरले. बाभळीखाली दोन मसाई म्हाताऱ्या, शंभरेक शेळ्या, सोड्याच्या कारखान्यातला एक ट्रकवाला, आणि आम्ही. ट्रकवाल्याने थर्मासमधला दुधाचा गोड चहा सगळ्यांना वाटला, आम्ही उरलेल्या पुऱ्या काढल्या. एका आजींनी लोणचं चाखून पाहिलं, तोंड वाकडं केलं आणि पुन्हा हात पुढे केला. दीड-दोन तासांत पाणी जसं आलं तसं गेलं. दादाने ट्रक पुढे जाऊ दिला आणि त्याच्या मागून गाडी घातली. पावसाळ्यात वाहत्या पाण्यात आपली गाडी पहिली घालू नका, एवढं सांगून ठेवते.

मगाडी अंधारात पोचलो. साधं लॉज, पंखा, चपाती आणि सुकुमा विकी या तिथल्या पालेभाजीची भाजी. चपाती हा शब्द आणि पदार्थ दोन्ही केनियाने आपलेसे केले आहेत, फक्त तेल सढळ.

सोमवार, मगाडी

उजाडल्यावर तळं दिसलं. गुलाबी-पांढरी सोड्याची साय, कडेला फ्लेमिंगो आणि त्यामागे कारखान्याची धुराडी. पाटीवर ‘टाटा’ वाचून भाची ओरडलीच. १९११ पासूनची ही सोडा कंपनी २००५ मध्ये टाटा केमिकल्सकडे आली. खचदरीच्या तळाशी पाणी येतं, बाहेर जायला वाट नाही, नुसतं उडून जातं. भेगांतून वर येणारे गरम झरे सोडा आणत राहतात. म्हणून उपसला तरी तो पुन्हा भरतो. इथेच १९६७ मध्ये हान्स युग्स्टर यांनी एक नवं खनिज ओळखलं, मगाडिआइट. त्यातलं सोडियम निघून गेलं की त्याचा चर्ट हा गारगोटीसारखा कठीण दगड होतो, आणि जगभरच्या कितीतरी जुन्या चर्टचा उगम समजायला या तळ्याने मदत केली.

दक्षिण टोकाला गरम झऱ्यांपाशी जायचा रस्ता खडबडीत आहे, स्थानिक वाटाड्या घ्याच, कडेची साय कुठे पाय पेलेल ते त्यालाच ठाऊक असतं. उथळ पाण्यात बोटाएवढे मासे होते. मगाडी तिलापिया. पाणी चाळीस अंशांच्या घरातलं आणि साबणाच्या पाण्यासारखं अल्कधर्मी. बहुतेक मासे अमोनिया बाहेर टाकतात, अशा पाण्यात ते जमत नाही, म्हणून हा आपल्यासारखा युरिया बनवतो. आणि आत्ताच्या काठाच्या वर, कोरड्यात, दहा-एक हजार वर्षांपूर्वीच्या गाळाचे थर आहेत. तळं तेव्हा खोल आणि पुष्कळ गोडं होतं. त्या थरांत याच कुळातल्या माशांचे जीवाश्म मिळतात, आताच्यापेक्षा मोठे. पाणी आटलं तसा मासा लहान झाला, पण राहिला.

परतताना त्याच ओढ्यापाशी थांबलो. फरशीच्या खालच्या अंगाला बोटभर जाडीचा नवा गाळ बसला होता. त्यावर शेळ्यांचे, गाढवांचे खूर आणि टायरच्या चपलांचे ठसे. भाचीने फोटो काढले आणि विचारलं, “आत्या, आता यावर राख पडली तर?” वाऱ्याने कडा सुकून सोलायलाही लागल्या होत्या. मी म्हटलं, आजच पडली पाहिजे.

किसेरियानला न्यामा चोमा खाल्लं. बकऱ्याचं मांस किलोवर निवडायचं, ते निखाऱ्यावर भाजून लाकडी पाटावर तुकडे करून देतात, सोबत उगाली, म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, आणि कांदा-टोमॅटोची कचुंबरी. पैसे एम-पेसाने, म्हणजे मोबाइलवरून. फोनमध्ये ते नसेल तर रोख शिलिंग ठेवा, मगाडी रस्त्यावर कार्ड चालेलच असं नाही. ओलोर्गेसायली बरेच लोक नैरोबीहून जाऊन-येऊन करतात. तसं करू नका. दुपारच्या उन्हात तो डायटोमाइट नुसता चमकतो, थर वेगळे दिसायला लागतात ते पाचनंतर, ऊन तिरपं झालं की.